मायनर लीगच्या रिलीफ पिचरला नाशिकहून फॉलो कसं करायचं

रिंकू सिंग म्हटलं की आता सगळ्यांना केकेआरचा फिनिशरच आठवतो, पण यूपीचाच अजून एक रिंकू सिंग आहे, मूळचा भालाफेकवाला. 2008 मध्ये पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकन बेसबॉल टीमने त्याला आणि दिनेश पटेलला साइन केलं. दोघांनी त्याआधी बेसबॉल हातात धरलेला नव्हता. लेफ्टी रिंकू काही वर्षं मायनर लीगमध्ये, म्हणजे मेजर लीग या मुख्य लीगच्या खालच्या लीगमध्ये, पिचिंग (आपल्या बॉलिंगसारखं) करत राहिला, दुखापतींनी थांबला आणि पुढे 2018 ला डब्ल्यूडब्ल्यूईमध्ये गेला. मी शाळेत सॉफ्टबॉल खेळायचो म्हणून त्याचे आकडे बघायला लागलो आणि तेव्हापासून ही सवय लागली ती लागलीच. कुणाला सुरू करायचं असेल तर मी कसं करतो ते सांगतो.

आधी टाइमिंग. तिकडे अमेरिकेत संध्याकाळी 7 ला मॅच सुरू होते, ईस्ट कोस्टला म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेचार. रिलीफ पिचर (सुरुवात करणाऱ्या पिचरच्या, म्हणजे स्टार्टरच्या जागी मधे येणारा) सहाव्या-सातव्या इनिंगनंतर येतो, म्हणजे सहाच्या आसपास. मला अंबड एमआयडीसीत फर्स्ट शिफ्ट असते, सातला गेटवर पाहिजे, तरी चहा होईपर्यंत बरंच कळतं आणि नाही जमलं तर बॉक्स स्कोअर (मॅचचं स्कोअरकार्ड) अधिकृत वेबसाइटवर फुकट असतो. 2021 पासून बहुतेक लीगमध्ये मंगळवार ते रविवार एकाच टीमशी सहा मॅचेस असतात आणि सोमवार सुट्टी, म्हणजे आपली मंगळवारची सकाळ मोकळी.

माणूस निवडताना डबल-ए चा निवडा. खालून वर रूकी, सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए अशा पायऱ्या आहेत. अगदी खाली पोरं इतकी कच्ची असतात की आकड्यांवरून काही कळत नाही, आणि ट्रिपल-ए मध्ये वर-खाली जाणं इतकं चालतं की नवीन माणूस गोंधळतो. वय बघा, 22 वर्षांचा डबल-ए मध्ये आणि 28 वर्षांचा डबल-ए मध्ये या फार वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक रिलीव्हर आधी स्टार्टर असतात, तिसऱ्या प्रकारचा बॉल नीट बसला नाही किंवा खांदा तेवढ्या इनिंग झेपेना की बुलपेनमध्ये, म्हणजे रिलीव्हरच्या ताफ्यात पाठवतात. मारियानो रिव्हेरासुद्धा स्टार्टर म्हणूनच वर आला होता.

आता बॉक्स स्कोअर, इथे वेळ द्या. इनिंगच्या रकान्यात 0.1 दिसलं तर तो दशांश समजू नका, आपल्याकडे 4.3 ओव्हर म्हणजे चार ओव्हर तीन बॉल तसंच आहे, 0.1 म्हणजे एक आउट, 0.2 म्हणजे दोन. मी ज्याला फॉलो करायचो त्याची एका सकाळची ओळ होती 0.1 इनिंग, 0 हिट, 0 रन, 1 स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटर आउट). भाचा शेजारी बसला होता, गोल्फ क्लबच्या मैदानावर नेटला फास्ट टाकतो तो, म्हणाला, "मामा, एवढंच? मग आता हा काय करणार?" मी त्याला बॉल-बाय-बॉल उघडून दाखवलं. आठवी इनिंग, एका रनाची लीड, तिन्ही बेस भरलेले, दोन आउट, आणि हा आत आला. काउंट तीन-दोन, म्हणजे तीन बॉल बाहेर आणि दोन स्ट्राइक, अजून एक बॉल बाहेर गेला की वॉक, बॅटर फुकट पहिल्या बेसवर आणि बेस भरलेले म्हणून रन फुकट. सहाव्या बॉलला स्लायडर (वळणारा बॉल) टाकला आणि बॅटर हवेत फिरला. भाचा गप्प झाला, मग म्हणाला परत दाखव.

आणि समजा तिथे सिंगल (एका बेसचा हिट) बसला असता, दोन रन आले असते, तरी ते याच्या ईआरएत (पिचरने दर नऊ इनिंगमागे दिलेल्या रनांची सरासरी) धरले नसते, आधीच्या पिचरच्या नावावर गेले असते कारण बेसवरचे रनर त्याचे होते. म्हणून रिलीव्हरचा नुसता ईआरए बघून मत बनवणारे माझ्या मते चुकतात. मी एक वही ठेवलीय, रकाने असे: कितवी इनिंग, स्कोअर काय होता, बेसवर किती जण, त्यातले किती घरी आले, बॉल किती टाकले, मधे किती दिवस विश्रांती. दोन महिने भरा, मॅनेजरचा त्याच्यावर भरवसा वाढतोय की उतरतोय ते आपोआप दिसतं. सात रनांनी पुढे असताना पाठवतायत की एका रनाने, हेच खरं प्रमोशन असतं. वॉक मात्र रोज मोजा, फास्टबॉल कितीही जोरात असला तरी वॉक कमी झाले नाहीत तर पोरगा अडकतो.

मैदानं लक्षात ठेवा. अमेरिकेतलं अल्बुकर्की 1,500 मीटरपेक्षा उंचीवर आहे, नाशिकच्या दुपटीहून जास्त, हवा विरळ, बॉल लांब उडतो, तिथे ईआरए फुगला म्हणून लगेच वाईट वाटून घेऊ नका.

ट्रान्झॅक्शनचं पान (कोण वर गेला, कोण खाली आला, कोणाला सोडलं) रोज बघा. आठ-दहा दिवस दिसला नाही तर सात दिवसांच्या इंजर्ड लिस्टवर असतो बहुतेक वेळा. वरच्या, म्हणजे मेजर लीगच्या टीमच्या 40 जणांच्या यादीत नाव आलं तर समजा दार उघडलं, मग "ऑप्शन" शब्द दिसेल, म्हणजे खाली पाठवला पण हक्क टीमकडेच. पैशाचा फरकही समजून घ्या. 2023 मध्ये त्या यादीत नसलेल्या ट्रिपल-ए खेळाडूचा किमान पगार वर्षाला 35,800 डॉलर होता आणि मेजर लीगचा 7,20,000. वर नऊ-दहा दिवस राहिला तरी वर्षाचा पगार वसूल, म्हणून एका फोनवर ही पोरं रात्रीची बॅग भरून निघतात.

आणि एक दिवस "रिलीज्ड" दिसेल, म्हणजे टीमने सोडलं. माझ्या माणसाचं तेच झालं, जुलैमध्ये, सलग तीन चांगल्या मॅचेसनंतर. त्या दिवशी शिफ्टला लक्ष लागलं नाही. पण लगेच वही बंद करू नका. अटलांटिक लीग (मेजर लीगच्या टीमशी न जोडलेली) बघा, मेक्सिकन लीग बघा, ऑक्टोबरपासून डोमिनिकन, व्हेनेझुएलाच्या विंटर लीग सुरू होतात तिथे नाव शोधा. जिम मॉरिसने खेळ सोडून टेक्सासमध्ये शाळेत शिकवायला सुरुवात केली होती आणि 1999 मध्ये 35 व्या वर्षी टँपा बेकडून मेजर लीगमध्ये रिलीव्हर म्हणून उतरला, तेही त्याच सीझनला डबल-ए, ट्रिपल-ए करून. माझा माणूस सप्टेंबरमध्ये अटलांटिक लीगमध्ये सापडला, सातवी इनिंग, बेसवर दोन, एका रनाची लीड. भाच्यानेच आधी बघितलं, वहीत त्याच्या अक्षरात लिहिलंय.