जपानमध्ये लोहाराकडून हत्यार घेताना

आधी काम ठरवा, मग गाव. साकाई हे ओसाकाला लागून आहे आणि स्वयंपाकाच्या सुऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. पटाशी, रंधा, करवत अशी सुताराची हत्यारं हवी असतील तर कोबेहून मिकीला जा. कोयता, विळा, कुदळ हवी तर शिकोकू बेटावरचं कोची, म्हणजे जुना तोसा प्रांत. निईगातामधल्या सान्जोत सगळंच थोडंथोडं मिळतं आणि तोक्योहून शिनकानसेनने दोन तासांत पोचता येतं. कुठलीच भट्टी आधी पाहिलेली नसेल तर फुकुईतल्या एचिझेनचं ताकेफू नाइफ व्हिलेज सोयीचं, कारण तिथं वरच्या सज्जातून काम बघता येतं. बाकी ठिकाणी फोन करून वेळ घेतल्याशिवाय कुणाच्या भट्टीवर धडकू नका. फोटो काढण्याआधी विचारा. घासाघीस तर करूच नका.

साकाईत एक जण पातं घडवतो, दुसरा धार काढतो, तिसरा मूठ बसवतो. त्यामुळे पात्यावरचं नाव पुष्कळदा व्यापाऱ्याचं असतं. लोहार कोण, पोलाद कोणतं, हे विचारून बिलावर लिहून घ्या. संग्रह करणाऱ्याला नंतर हाच कागद उपयोगी पडतो.

पोलादात मुख्य नावं दोन: शिरोगामी आणि आओगामी. शिरोगामी क्रमांक दोनमध्ये कार्बन साधारण १.१ टक्का असतो. त्याला धार पटकन लागते. आओगामीत क्रोमियम आणि टंगस्टन घातलेलं असतं, म्हणून धार जास्त टिकते, पण दगडावर वेळही जास्त जातो. गंज दोन्हींना लागतो. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या स्वयंपाकघरासाठी सुरी घेत असाल तर स्टेनलेस जातीचं गिनसान मागा, जीव शांत राहील.

आता तपासणी. धार किती लागते हे बोटाने बघण्यात अर्थ नाही, ती नंतरही लावता येते. बघायचा असतो जोड. ही हत्यारं बहुधा नरम लोखंडाला कडक पोलाद जोडून केलेली असतात. धारेजवळ दोन रंगांची सीमारेषा दिसते. ती टोकापासून टाचेपर्यंत अखंड हवी. मध्येच काळी फट किंवा ठिपका दिसला तर जोड नीट बसलेला नाही, ते पातं सोडा. रेषा अगदी आखल्यासारखी सरळ असेल तर बहुधा कारखान्यातून जोडून आलेली पट्टी वापरलेली आहे. त्यात फसवणूक काही नाही, पण भट्टीत जोडलेल्या पात्याची किंमत मात्र त्याला देऊ नका. मग पातं डोळ्यासमोर आडवं धरून वाकडेपणा आणि पीळ बघा.

एका बाजूने धार असलेली पाती उजव्या हातासाठी केलेली असतात. डावखुऱ्यांना ती वेगळी मागवावी लागतात, पैसे जास्त पडतात आणि वाटही पाहावी लागते.

पटाशी उलटी करा. मागच्या बाजूला खोलगट भाग असतो, त्याच्या कडेची सपाट पट्टी धारेपाशी पूर्ण टेकली पाहिजे. नव्या पटाशीच्या मुठीवरची लोखंडी कडी सैल येते, तो दोष नव्हे. कडी काढून आतून कानस मारा, मुठीचं टोक हातोडीने ठोकून दाबा, कडी परत चढवा आणि लाकूड दोन-तीन मिलिमीटर वर राहील एवढी खाली उतरवा. ते टोक ठोकून पसरवलं की कडी हलत नाही. हे न करता पटाशीवर घाव घातले तर मूठ चिरते. रंधा पहिल्या खरेदीत टाळाच. त्याचं लाकूड आपल्या पावसाळ्यात फुगतं आणि पातं अडकतं, तळही वाकडा होतो.

क्योतोत तोजी देवळात दर महिन्याच्या २१ तारखेला आणि कितानो तेनमानगूत २५ तारखेला जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. तिथं जुनं हत्यार घेताना पोलाद किती शिल्लक आहे ते मोजा. लोखंडाच्या बाजूचा गंज घासून जातो, पण पोलादाच्या सपाट बाजूला खड्डे पडले असतील तर ते हत्यार फक्त भिंतीवर टांगण्यापुरतं. जुनी तलवार किंवा भाला स्वस्तात दिसला तरी हात लावू नका, त्यांच्या निर्यातीला वेगळा परवाना लागतो.

खरेदी प्रवासाच्या शेवटी ठेवा. जपानमध्ये ६ सेंटीमीटरहून लांब पातं सबळ कारणाशिवाय जवळ बाळगणं गुन्हा आहे. दुकानाचं पॅकिंग न फोडता सरळ मुक्कामावर न्या. करसवलतीसाठी पासपोर्ट जवळ हवा. ५,००० येनच्या खरेदीपासून १० टक्के उपभोग कर वाचतो, मात्र १ नोव्हेंबर २०२६ पासून कर आधी भरून विमानतळावर परत घ्यायचा आहे. विमानात पाती फक्त चेक-इन सामानात. धारेवर पुठ्ठ्याचं म्यान, त्यावर कापड, आणि बॅगेच्या मधोमध ठेवा. बिल मात्र हातातल्या पिशवीत, कस्टमवाले विचारतात.

घरी आल्यावर तेलाचा पातळ हात द्या. जपानी लोक कॅमेलियाचं तेल वापरतात. सुतारकामाच्या हत्यारांना शिलाई मशीनचं तेलही चालतं, स्वयंपाकाच्या सुरीला मात्र खाण्याजोगं खनिज तेलच. शेंगदाण्याचं तेल चिकट होतं. चामड्याच्या म्यानात ठेवू नका, ओल धरते. लिंबू-चिंच कापल्यावर कार्बन पोलादाची सुरी लगेच धुऊन पुसा. काळपट डाग राहिले तर हरकत नाही, लालसर दिसले तर गंज आहे. पातळ सुरीने नारळ फोडणं, हाड तोडणं, सुरण चिरताना पातं पिळणं, यांत धारेचा तुकडा उडतो. त्यासाठी तोसाचा जाड कोयता.

आणि दारावर येणाऱ्या धारवाल्याच्या चाकावर हे पातं देऊ नका. कोरड्या चाकावर धार तापते आणि पोलादाला दिलेलं पाणी उतरतं. १००० नंबरचा दगड १० मिनिटं पाण्यात भिजवा, त्यावर धार काढा, मग ३००० किंवा ६००० वर पाजळा. दगडाला मध्ये खळगा पडला की आधी तो सपाट करा, नाहीतर पटाशीची धार गोलसर होते.