हॉल ऑफ फेमचा वाद घालताना या चुका टाळा

न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाऊन या लहानशा गावात बेसबॉलचे हॉल ऑफ फेम आहे. तिथे कोणत्या निवृत्त खेळाडूचा समावेश व्हावा, यावरचा वाद दर हिवाळ्यात नव्याने पेटतो. 1936 साली टाय कॉब, बेब रूथ, होनस वॅगनर, ख्रिस्ती मॅथ्युसन आणि वॉल्टर जॉन्सन या पाच जणांची पहिली निवड झाली, तेव्हापासून तो थांबलेला नाही आणि थांबण्याचे कारणही नाही. मात्र यातील पुष्कळसे वाद खेळाडूंबद्दल नसतातच. दोन्ही बाजूंनी ‘पात्र’ या शब्दाला वेगवेगळा अर्थ दिलेला असतो आणि तो अर्थ कोणीच आधी सांगितलेला नसतो. त्यामुळे खेळाडूचे नाव घेण्यापूर्वी आपला निकष बोलून दाखवावा. पुढच्या बहुतेक चुका हे न केल्याने होतात.

सर्वांत आधी नियम नीट माहीत असावेत. लेखकांच्या मतपत्रिकेवर येण्यासाठी खेळाडूने किमान दहा हंगाम खेळलेले असावे लागतात आणि निवृत्तीनंतर पाच वर्षे जावी लागतात. बेसबॉल लेखकांच्या संघटनेचे दहा वर्षे सदस्य असलेले पत्रकार मत देतात, एका मतपत्रिकेवर जास्तीत जास्त दहा नावे लिहिता येतात आणि निवडीसाठी 75 टक्के मते लागतात. पाच टक्क्यांपेक्षा कमी मते पडली की नाव लगेच बाद होते. अन्यथा ते दहा वर्षांपर्यंत राहू शकते. ही मुदत 2014 पर्यंत पंधरा वर्षांची होती. लेखकांकडून राहून गेलेल्यांसाठी सोळा सदस्यांच्या समित्यांचे दुसरे दार आहे आणि तिथे बारा मते लागतात. ‘पत्रकारांनी पीट रोझला नाकारले’ असे वाक्य सर्रास ऐकू येते, पण ते चुकीचे आहे. जुगारासाठी कायमची बंदी घातलेल्या या खेळाडूचे नाव लेखकांच्या मतपत्रिकेवर कधी आलेच नाही, कारण कायमची बंदी असलेल्या व्यक्तीचा विचार करायचा नाही असा नियम हॉलच्या संचालक मंडळाने 1991 मध्येच केला होता.

गोल आकड्यांना दरवाजा समजणे

3000 हिट (फटका मारून बेसवर, म्हणजे धावताना गाठायच्या थांब्यावर, पोहोचणे), 500 होम रन (चेंडू मैदानाबाहेर टोलावणे) किंवा पिचरसाठी, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यासाठी, 300 विजय हे आकडे लक्षात राहायला सोपे आहेत, म्हणून ते पात्रतेची अट असल्यासारखे वापरले जातात. राफाएल पाल्मेरोकडे 3020 हिट आणि 569 होम रन होते. 2005 मध्ये उत्तेजक चाचणीत तो दोषी ठरला आणि 2014 मध्ये 4.4 टक्के मतांवर त्याचे नाव मतपत्रिकेवरून गेले. उलट बाजूचे उदाहरण सँडी कूफॅक्सचे आहे. त्याचे विजय फक्त 165, आणि तिशीतच तो निवृत्त झाला. पण 1962 ते 1966 अशी सलग पाच वर्षे नॅशनल लीगमधला (मेजर लीगच्या दोन लीगपैकी एक; दुसरी अमेरिकन लीग) सर्वांत कमी ईआरए, म्हणजे नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची सरासरी, त्याचाच होता. वयाच्या 36 व्या वर्षी, 1972 मध्ये, तो हॉलमध्ये निवडला गेलेला सर्वांत तरुण खेळाडू ठरला. 324 विजय मिळवणाऱ्या डॉन सटनने एका हंगामात वीस विजय फक्त एकदाच मिळवले, आणि त्याला पाचव्या प्रयत्नापर्यंत थांबावे लागले. शिखराची उंची मोठी की वाटचालीची लांबी, यावर मतभेद असणे योग्यच आहे. चूक होते ती एकाच चर्चेत आपल्या आवडत्या खेळाडूसाठी शिखर आणि दुसऱ्याच्या खेळाडूसाठी लांबी मोजण्यात.

कॅचरच्या, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्याच्या, बाबतीत हे गोल आकडे तर पूर्णपणे निरुपयोगी आहेत. बस्टर पोझी बरोबर 1500 हिट घेऊन निवृत्त झाला. दररोज शेकडो वेळा उठबस करणाऱ्या या जागेवर शरीर किती झिजते हे लक्षात घेतले, तर त्याची तुलना फर्स्ट बेसवर वीस वर्षे उभ्या राहिलेल्या खेळाडूशी करणे अन्यायाचे आहे. त्याची तुलना कॅचरांशीच करावी.

क्रिकेटची सरासरी डोक्यात ठेवून बॅटिंग अ‍ॅव्हरेज वाचणे

ही चूक खास आपल्याकडच्या, म्हणजे क्रिकेटवर वाढलेल्या वाचकांची आहे, आणि तिच्यावर थोडे थांबायला हवे. क्रिकेटमधील सरासरीत धावा मोजल्या जातात. बेसबॉलमधील बॅटिंग अ‍ॅव्हरेज म्हणजे अधिकृत प्रयत्नांपैकी किती वेळा हिट मिळाली याचे प्रमाण. त्यात चार खराब चेंडू सोडून मिळवलेला वॉक मोजलाच जात नाही, जणू तो पिचरने दिलेला प्रसाद आहे. प्रत्यक्षात फलंदाज बाद झालेला नसतो आणि पहिल्या बेसवर पोहोचलेला असतो; संघाला त्यापेक्षा फार वेगळे काही हवे नसते.

टोनी ग्विन आणि टिम रेन्स यांची तुलना करून पाहावी. ग्विनची सरासरी 0.338 आणि रेन्सची 0.294. इतका फरक पाहून कोणीही म्हणेल की हे दोघे एका रांगेत बसतच नाहीत. मतदारांनीही तसेच मानले: 2007 मध्ये ग्विन 97.6 टक्के मतांनी आत गेला आणि पुढच्याच वर्षी रेन्सला पहिल्या प्रयत्नात 24.3 टक्के मते पडली. आता हिट, वॉक आणि अंगावर चेंडू बसून मिळालेला बेस यांची बेरीज करू. ग्विनच्या 3141 हिटमध्ये 790 वॉक आणि 24 वेळा बसलेले चेंडू मिळवले की 3955 होतात. रेन्सच्या 2605 हिटमध्ये 1330 वॉक आणि 42 मिळवले की 3977 होतात. म्हणजे बेसवर पोहोचण्याच्या बाबतीत रेन्स बावीसने पुढे आहे, आणि शिवाय त्याने 808 बेस चोरले (फटक्याविना धावून पुढचा बेस गाठला), तर ग्विनने 319. ग्विन यामुळे लहान होत नाही. रेन्सला दहाव्या आणि शेवटच्या वर्षापर्यंत, 2017 पर्यंत, ताटकळत का राहावे लागले ते मात्र कळते.

पिचरच्या विजयांचेही असेच आहे. विजय मिळण्यासाठी आपल्या संघाने धावा कराव्या लागतात, आणि त्या करणे पिचरच्या हातात नसते. 2010 मध्ये फेलिक्स हर्नांडेझने 13 विजय आणि 12 पराभव अशा नोंदीवर सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला, तेव्हा मतदारांना हे पटू लागल्याचे दिसले. बर्ट ब्लायलेव्हनला 1998 मध्ये 17.5 टक्के मते होती, कारण त्याचे विजय 287 वर थांबले होते. त्याच्या 3701 स्ट्राइकआउटकडे (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज) लोकांचे नीट लक्ष जाईपर्यंत 2011 साल उजाडले.

मैदान आणि काळ विसरणे

1930 मध्ये संपूर्ण नॅशनल लीगची एकत्रित सरासरी 0.303 होती. 1968 मध्ये अमेरिकन लीगचा अव्वल फलंदाज कार्ल यास्ट्रझेम्स्की याची सरासरी 0.301 होती, आणि त्याच वर्षी बॉब गिब्सनचा ईआरए 1.12 होता. पिचर इतके वरचढ झाले की पुढच्या हंगामापासून पिचरच्या उंचवट्याची उंची 15 इंचांवरून 10 इंच करण्यात आली. अशा दोन काळांतील आकडे शेजारी मांडून निष्कर्ष काढता येत नाही. त्यासाठी लीगची सरासरी 100 धरून काढलेले आणि मैदानाचाही हिशेब करणारे आकडे आहेत, ते वापरावेत.

मात्र हा हिशेब एकदाच करावा. लॅरी वॉकर डेन्व्हरच्या कूर्स फील्डवर खेळला, जिथे समुद्रसपाटीपासूनच्या सुमारे 1600 मीटर उंचीमुळे हवा विरळ असते आणि चेंडू दूर जातो. तिथे त्याची सरासरी 0.381 होती, त्यामुळे अनेकांनी त्याला बादच केले. पण त्याने तिथे आपल्या एकूण सामन्यांपैकी सुमारे तीस टक्केच सामने खेळले, आणि मैदानाचा लाभ वजा केल्यावरही त्याची फलंदाजी सरासरीपेक्षा 41 टक्के सरस ठरते. वजाबाकी झालेला आकडा हातात घेऊन ‘पण मैदान सोपे होते ना’ असे म्हणणे म्हणजे तीच वजाबाकी दुसऱ्यांदा करणे. वॉकर 2020 मध्ये, दहाव्या वर्षी, 76.6 टक्क्यांनी आत गेला.

‘तो आत आहे, मग हा का नाही?’

हॅरोल्ड बेन्सला लेखकांकडून कधीही 6.1 टक्क्यांपेक्षा जास्त मते मिळाली नाहीत, पण डिसेंबर 2018 मध्ये एका समितीने त्याला नेमक्या बारा मतांनी निवडले. तेव्हापासून बेन्स हे अनेकांचे आवडते हत्यार झाले आहे. सर्वांत खालच्या पायरीला निकष मानले, तर शंभरावर खेळाडूंना आत घ्यावे लागेल. हा मुद्दा मांडायचाच असेल, तर त्या जागेवर खेळलेल्या हॉलमधील खेळाडूंची सरासरी पातळी पाहावी. जे जॅफी यांनी मांडलेली जॉस ही पद्धत हेच करते: कारकिर्दीतील एकूण वॉर, म्हणजे सहज मिळू शकणाऱ्या बदली खेळाडूच्या तुलनेत मिळवून दिलेले अधिक विजय, आणि सर्वोत्तम सात हंगामांतील वॉर यांची ती सरासरी काढते. इथे एक सावधगिरी हवी. वॉर हा अंदाज आहे. बेसबॉल रेफरन्स आणि फॅनग्राफ्स ही आकडेवारीची संकेतस्थळे त्याचे वेगवेगळे हिशेब देतात आणि पिचरांच्या बाबतीत त्यांतील अंतर मोठे असू शकते. 61 आणि 63 यांतल्या फरकावर आवाज चढवू नये.

मतांच्या टक्केवारीलाही गुणपत्रिका समजू नये. 1936 मध्ये रूथला 226 पैकी 215 मते पडली, तर 2020 मध्ये डेरेक जेटरला 397 पैकी 396. यावरून जेटर रूथपेक्षा थोर ठरवणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. 2013 च्या मतपत्रिकेवर तर इतकी मोठी नावे दाटली होती की एकही निवडला गेला नाही आणि 622 बेस चोरणारा केनी लॉफ्टन 3.2 टक्क्यांवर पहिल्याच वर्षी बाहेर पडला. दहा नावांच्या मर्यादेचाही त्यात मोठा वाटा होता.

सगळे दोष एकाच पोत्यात भरणे

मतदारांना दिलेल्या नियमात खेळातील कामगिरीबरोबर सचोटी, खिलाडूवृत्ती आणि चारित्र्य यांचाही उल्लेख आहे, त्यामुळे ‘मैदानाबाहेरचे बोलू नका’ असे म्हणता येत नाही. पण बोलताना प्रकार वेगळे करावेत. उत्तेजक द्रव्यांसाठी शिक्षेसह चाचण्या 2004 पासून सुरू झाल्या. त्यानंतर नियमानुसार निलंबित झालेले मॅनी रामिरेझ किंवा पूर्ण 2014 हंगाम बाहेर बसलेला अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझ हा एक गट आहे. 762 होम रन आणि सात एमव्हीपी (हंगामातील सर्वांत मोलाचा खेळाडू) पुरस्कार असलेला बॅरी बाँड्स कधीच निलंबित झाला नाही, मात्र त्याच्याविरुद्धचा पुरावा तपासांतून पुढे आला. तो दुसरा गट. केवळ दंड फुगलेले दिसतात म्हणून ज्यांच्याविषयी कुजबूज झाली, त्यांचा तिसरा, आणि त्यांच्याविरुद्ध त्या कुजबुजीला पुरावा म्हणून उभे करणे मला गैर वाटते. बाँड्सला लेखकांनी शेवटच्या वर्षी, 2022 मध्ये, 66 टक्के मते दिली. डिसेंबर 2025 मध्ये समितीने जेफ केंटला सोळापैकी चौदा मतांनी निवडले, आणि बाँड्सला पाच मतेही दिली नाहीत. त्या काळाचे मेजर लीगचे आयुक्त बड सेलिग 2017 पासून हॉलमध्ये आहेत, हा टोमणा रास्त आहे. पण त्याने बाँड्सची पात्रता सिद्ध होत नाही.

रोझचा प्रश्न या सर्वांहून निराळा आहे. 4256 हिट कोणीच नाकारत नाही, आणि 1989 ची बंदी जुगारासाठी होती, द्रव्यांसाठी नव्हे. सप्टेंबर 2024 मध्ये त्याचे निधन झाले आणि मे 2025 मध्ये आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांनी कायमची बंदी मृत्यूबरोबर संपते असे ठरवले. त्यामुळे तो आणि 1919 च्या सामने मुद्दाम हरण्याच्या प्रकरणातला शूलेस जो जॅक्सन दोघेही विचारास पात्र झाले. याचा अर्थ त्यांची निवड झाली असा नाही. आधी त्यांची नावे आठ उमेदवारांच्या यादीत यावी लागतील, मग जुन्या काळासाठीची समिती डिसेंबर 2027 मध्ये मतदान करील, आणि तिथेही सोळापैकी बारा मते लागतील.