डिझेल इंजिन बसवलेली जुनी ऑफरोड गाडी घेताय? या चुका टाळा

पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेली जुनी फोर बाय फोर बघायला गेलं की आपण बोनेट उघडतो, आवाज ऐकतो, धूर बघतो आणि तिथेच मनातल्या मनात सौदा करून टाकतो. मीही तेच केलं होतं. पण अशा गाडीत इंजिनपेक्षा जास्त त्रास देतात ते इंजिनाचे जोड. गिअरबॉक्स, रेडिएटर, ब्रेक, वायरिंग, चासी हे सगळं दुसऱ्या इंजिनासाठी बनलेलं असतं आणि नवं इंजिन त्यात कुणीतरी हाताने जुळवलेलं असतं. म्हणून तपासायचं ते जुळवणाऱ्याचं काम.

पहिली चूक म्हणजे तापलेलं इंजिन बघणं. फोनवरच सांगा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर आधी इंजिनाला हात लावून बघा. कोमट लागलं, तर थंड होईपर्यंत थांबा. हीटर प्लग (थंड इंजिन सुरू व्हावं म्हणून आत उष्णता देणारे), कॉम्प्रेशन आणि डिझेलच्या लाइनमध्ये शिरणारी हवा यांची खरी परीक्षा थंड स्टार्टलाच होते. सुरुवातीला थोडा पांढरा धूर आला तर हरकत नाही. गाडी तापल्यावरही तो येत राहिला आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधल्या सीलचा, संशय घ्या. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. मग इंजिन आयडलवर, म्हणजे रेस न देता चालू, ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल करा आणि तिथेच उलटं टेकवा. ते किंचित थरथरलं तर ठीक, पण उड्या मारायला लागलं किंवा खालून धुराचा झोत आला, तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे सिलिंडरमधला दाब पिस्टनच्या कडेने खाली गळतोय.

दुसरी चूक मला स्वतःला भोवली. ब्रेक मी सपाट रस्त्यावर दोनदा दाबून बघितले, छान लागले. पुढे एका उतारावर, नुकताच ओढा ओलांडलेला असताना, तिसऱ्या-चौथ्यांदा पाय ठेवला तर पेडल दगडासारखं घट्ट. पेट्रोल इंजिनात थ्रॉटलमुळे, म्हणजे आत येणारी हवा अडवणाऱ्या झडपेमुळे, इनटेकमध्ये व्हॅक्यूम तयार होतो आणि पेडल हलकं करणारा ब्रेक बूस्टर त्याच्यावर चालतो. जुन्या डिझेलमध्ये थ्रॉटल नसतो, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. माझ्या गाडीत तो अल्टरनेटरच्या पाठीमागे होता, बेल्ट ढिला होता आणि पाण्याने भिजून घसरत होता. लो रेंजमुळे, म्हणजे फोर बाय फोरच्या हळू पण ताकदीच्या गिअरमुळे, गाडी हातात राहिली, नाहीतर काय झालं असतं ते आजही आठवायला नको वाटतं. त्यामुळे हे अजिबात सोडू नका: इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, ते घट्ट झालं की तसंच दाबून धरा आणि सेल्फ मारा. पेडल थोडं खाली गेलंच पाहिजे. मग आयडलवर लागोपाठ सात-आठ वेळा दाबा. दर वेळी जड होत गेलं, तर पंप कमी पडतोय किंवा होज गळतोय.

इंजिन तापतंय का, हे हायवेवर फिरवून कळत नाही. तिथे वारा रेडिएटरला मदत करतो. अर्धा तास लो रेंजमध्ये चढावर हळू चालवा. पंख्याभोवती श्राउड, म्हणजे हवा रेडिएटरमधूनच ओढायला लावणारं कव्हर, आहे का, तेही बघा. काट्यावरही विसंबू नका. सेन्सर एका गाडीचा आणि मीटर दुसऱ्या गाडीचा असेल, तर इंजिन उकळत असतानाही काटा मध्येच राहू शकतो. थर्मामीटर गन जवळ असेल तर थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर धरा. तिथे साधारण 80 ते 95 अंश दिसले पाहिजेत.

आता गाडीखाली झोपा. डिझेल इंजिन बहुधा जड असतं, पुढचे पाटे दबतात आणि ऑइल चेंबर पुढच्या अ‍ॅक्सलच्या जवळ येतो. उभ्या गाडीत फट पुरेशी वाटते, पण खड्ड्यात आपटल्यावर ती उरत नाही. चेंबरच्या तळाशी बोटं फिरवा. नाण्याएवढा चकचकीत खळगा हाताला लागला, तर अ‍ॅक्सल तिथे आधीच भेटून गेलाय. तसंच सायलेन्सरच्या पाइपजवळून ब्रेकची किंवा डिझेलची लाइन गेली आहे का बघा, आणि माउंटिंगच्या वेल्डिंगलगत चासीला बारीक चीर आहे का, तेही.

इंजिन-गिअरबॉक्समधली अडॅप्टर प्लेट डोळ्यांना फारशी दिसत नाही, ती ऐकायची. न्यूट्रलमध्ये क्लच दाबा. दाबल्यावर आवाज गेला, तर इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर संशय, आणि अशा गाडीत त्यामागे प्लेट सेंटरला न बसणं हेही कारण असू शकतं. दाबल्यावरच आवाज आला, तर रिलीज बेअरिंग. ठरावीक वेगाला गाडी थरथरली, तर अ‍ॅक्सलकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे कोन आणि क्रॉस (त्याचे सांधे) तपासा. टॉप गिअरमध्ये इंजिन किती फिरतंय हेही बघा. जुनी डिझेल इंजिनं कमी आरपीएमची असतात. अ‍ॅक्सलचा रेशो पेट्रोलचाच ठेवला असेल, तर गाडी ओढते जोरात, पण लांबच्या प्रवासात सतत ओरडत राहते.

कागदांवरचा इंजिन नंबर आणि इंधनाचा प्रकार प्रत्यक्षाशी जुळत नसेल, तर पैसे देऊ नका. आणि विकणाऱ्याकडून एक गोष्ट लिहूनच घ्या: इंजिन कुठल्या गाडीचं, कुठल्या वर्षाचं, क्लच प्लेट, स्टार्टर, बेल्ट आणि होज कुठल्या गाडीचे. हे माहीत नसेल तर साधा फाटलेला होज बदलायलाही जुना तुकडा हातात घेऊन दुकानं फिरावी लागतात.