कॅश चालू केला अन् मोबाईलवर अक्षरं मुंगीएवढी (माझा अनुभव)

लातूरच्या आडत बाजारातले सोयाबीन-तुरीचे भाव टाकायला मी वर्डप्रेसवर साइट चालवतो, खेड्यात रेंज कमी म्हणून पान लवकर उघडावं यासाठी कॅशिंगचं प्लगइन (एकदा बनलेलं पान साठवून तेच पुढं देणारं जोड-सॉफ्टवेअर) टाकलं. दुसऱ्याच दिवशी औशाहून काकांचा फोन, "अरे अक्षरं मुंगीएवढी दिसायलीत, भाव वाचता येईना." माझ्या मोबाईलवर मात्र एकदम नीट! कारण मी लॉगिन होतो, अन् लॉगिन असणाऱ्याला सहसा कॅशमधलं पान मिळतच नाही. तपासायचं तर इन्कॉग्निटोमध्येच (ब्राउझरची लॉगिन नसलेली खाजगी खिडकी), हे कळायला दोन दिवस गेले.

खरी गोची थीममध्ये, म्हणजे साइटच्या रूपाच्या साच्यात होती. नावाला रिस्पॉन्सिव्ह (स्क्रीनप्रमाणे मांडणी बदलणारी), पण आतून सर्व्हरवरच मोबाईल का कॉम्प्युटर ते ओळखून वेगळं एचटीएमएल (पानाचा मूळ कोड) द्यायची. कॅश तर एका पत्त्याचं एकच पान साठवतो, मग आधी कॉम्प्युटरवाला आला की त्याचंच पान पुढं सगळ्या मोबाईलला. प्लगइनमध्ये मोबाईलचा कॅश वेगळा केला, जुना सगळा रिकामा केला, तरी कधीमधी तेच, कारण मध्ये सीडीएन (साइटची कॉपी ठिकठिकाणी ठेवून तिथून देणारी सेवा) बसलेला अन् त्याची कॉपी निराळी. तिथं एचटीएमएल साठवणं बंद केलं, फक्त फोटो अन् सीएसएस (पान कसं दिसावं त्याचे नियम) ठेवलं, तेव्हा कुठं जमलं.

नंतर थीमच बदलली बघा. आता एचटीएमएल सगळ्यांना एकच, मांडणी सीएसएसच्या मीडिया क्वेरीनं (स्क्रीनची रुंदी बघून लागणारा नियम) मोबाईलवरच बदलती, त्यामुळं वेगळ्या कॅशची गरजच नाही. भावाच्या पानाची कॅशमधली मुदत तेवढी अर्धा तास ठेवलीय, कालचा भाव बघून कुणी गाडी भरायला नको.