कोळसा, खोडरबर आणि पंचगंगा: मुलांसोबत एक मिनिटाची अ‍ॅनिमेशन फिल्म

पर्यावरणावर फिल्म करूया म्हटलं की सातवीची मुलं वहीत आधी काय काढतात ते मला पाठ झालंय. रडणारी पृथ्वी, तिच्या कपाळावर पट्टी, शेजारी काळा धूर ओकणारा कारखाना. मी इचलकरंजीत चित्रकला शिकवते, आणि ती पृथ्वी पहिल्याच दिवशी बाजूला ठेवायला लावते. तशी पृथ्वी कुणी पाहिलेली नाही. पंचगंगा नदी वर्गातल्या प्रत्येकाने पाहिलीय, वासासकट.

तेव्हा आधी जागा ठरवा. एकच जागा, एकच चौकट. घाट, बंधारा, नाला नदीला मिळतो ते ठिकाण, काहीही चालेल, पण मुलांना तिथे चालत जाता आलं पाहिजे. लंडनचे चित्रकार स्टीव्ह कट्स यांची ‘मॅन’ ही २०१२ सालची फिल्म मी वर्गात दाखवते. एक माणूस दिसेल त्या प्राण्याची, झाडाची वाट लावत चालत सुटतो आणि शेवटी कचऱ्याच्या ढिगावर राजासारखा बसतो. काम ताकदीचं आहे. पण त्यात सगळी मानवजात मिळून एकच माणूस आहे. दोष सगळ्यांचा म्हटला की तो कुणाच्याच अंगाला लागत नाही. आपल्या फिल्ममध्ये कोण, कुठे, काय करतं हे दिसायला हवं.

त्यासाठी मुलांना घरी विचारून यायला सांगा: नदीचं पाणी प्यायचं कधी थांबलं? पोहणं कधी थांबलं? कपडे धुणं? आज्या भरभरून सांगतात. २०१२ मधली काविळीची साथ इथल्या पुष्कळ घरांना आठवते. आलेल्या उत्तरांचा क्रम लावा आणि क्रमामागची कारणंही मुलांना नीट समजू द्या, कारण चित्र तिथूनच निघतं. पावसाळा संपला की बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात आणि पाणी तुंबतं. त्या तुंबलेल्या पाण्यात गावांचं सांडपाणी येतं, साखर कारखान्यांचं आणि प्रोसेसचं, म्हणजे कापड धुऊन रंगवण्याच्या कारखान्यांचं पाणी येतं. सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर केंदाळ, म्हणजे जलपर्णी, पोसतं. मुलं केंदाळाला राक्षस करतात, दात वगैरे काढून. ते काढू देऊ नका. ही जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली, तिला आपण इथे खाऊ घालतोय. ती पाणी झाकते, खाली उजेड पोचत नाही, मेलेली पानं कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. ‘बाई, मासं वर येऊन आ करत्यात,’ असं एक मुलगा म्हणाला होता. पाण्यात प्राणवायू उरला नाही की मासे तसंच करतात. हे एक वाक्य म्हणजे दहा सेकंदांचं चित्र आहे.

आता कागद. एका मिनिटाच्या फिल्मसाठी शेकडो चित्रं काढायची नाहीत. जाड कार्ट्रिज पेपरची एकच शीट घ्या, मास्किंग टेपने टेबलाला पक्की चिकटवा आणि त्यावर कोळशाने नदी काढा. फोटो घ्या. थोडं पुसा, थोडं बदला, पुन्हा फोटो. काड्या दुकानातल्या चारकोलच्याच घ्या. चुलीतला कोळसा कागद ओरबाडतो आणि पुसला जात नाही. पुसायला मऊ खोडरबर आणि सुती फडकं.

सेकंदाला आठ फोटो धरले तर मिनिटाला ४८० होतात. आकडा ऐकून घाबरू नका. सुरुवातीची शांत नदी तीन सेकंद दाखवायची तर एकच फोटो २४ वेळा जोडायचा असतो. गट पाडा, प्रत्येक गटाला एक बदल द्या: एक गट फक्त फेस, एक फक्त केंदाळ, एक फक्त मासे. धीर सुटायला लागला की मी त्यांना दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगते. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) काढण्याआधी त्यांनी कुंडीतला वाटाणा उगवताना थोडाथोडा टिपला, आणि ती छोटी फिल्म दाखवून पैसा उभा केला. आपण करतोय ते तंत्र तेच.

रंगाबाबत माझा हट्ट आहे. सगळी फिल्म काळी-करडी. रंग दोनच, तेही उशिरा: प्रोसेसच्या पाण्याचा लाल आणि केंदाळाचा हिरवा, सॉफ्ट पेस्टलने. एरवी मुलांना रंग म्हणजे आनंद. इथे रंग आला की नदीला काहीतरी झालं, हे एकही शब्द न बोलता कळतं.

मोबाइल कागदाच्या बरोबर वर, कॅमेरा खाली करून बसवा. दोन बाकांवर फळी आडवी टाकून तिच्या कडेला टेपने चिकटवला तरी चालतो. फोन फ्लाइट मोडवर ठेवा, नाहीतर मधेच कुणाचा तरी फोन येतो आणि चौकट हलते. चार्जर आधीच लावून ठेवा. स्टॉप मोशन स्टुडिओ हे अ‍ॅप पुरेसं आहे. त्यात आधीचं चित्र पुसट दिसतं, त्यामुळे पुढचं किती हलवायचं ते कळतं. फोकस आणि उजेड लॉक करा. खिडक्या पुठ्ठ्याने झाका, कारण ढग आला की फिल्म लुकलुकते. ट्यूब बंद करून दोन बाजूंनी दोन एलईडी दिवे लावा. शाळेचा पांढरा शर्टसुद्धा कागदावर उजेड फेकतो, म्हणून फोटो घेताना सगळ्यांनी मागे सरायचं. मी जमिनीवर खडूने रेघ मारते.

मुलं शेवट गोड मागणारच: नदी पुन्हा स्वच्छ, पोरं पोहतायत. त्यांना अडवू नका, पुसायला सांगा. खोडरबर कितीही घासलं तरी इतक्या वेळा काळा झालेला कागद पांढरा होत नाही, फेसाची आणि केंदाळाची करडी सावली राहते. त्यावर नवी शीट लावायची नाही. त्या करड्या पाण्यातच पोहणारी पोरं काढू द्या. नदीही सांडपाणी अडवल्यावर सुधारते, पण गाळात बसलेलं लगेच जात नाही, हे मुलांना हाताने कळतं.

आवाजासाठी रडकी बासरी नको. सिनेमातलं गाणंही नको, हक्कांचा प्रश्न येतो. गल्लीत जाऊन यंत्रमागाचा आवाज रेकॉर्ड करा आणि तो पूर्ण मिनिटभर, न थांबवता ठेवा. वर घाटावरचं धुणं, मुलांची कुजबुज. ‘पाणी वाचवा’ अशी पाटी शेवटी टाकायची नाही; मिनिटभर जे दाखवलं त्याच्यावर ती पाणी टाकते.

फिल्म पालकांना दाखवाल तेव्हा एक जपा. समोर बसलेल्यांतले कितीतरी जण प्रोसेसमध्ये, सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यांत, राबतात. त्या लाल पाण्यात हात घालणारेही तेच, आणि दुखणंही आधी त्यांच्याच घरात येतं. त्यामुळे नाल्याच्या तोंडाशी कामगार काढू नका. पाइप काढा, पाइप कुठल्या आवारातून येतो ते आवार काढा, आणि शेजारी बंद पडलेलं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र पाहिलं असेल तर तेही. न पाहिलेलं काही नको. दाखवून झाल्यावर पालकांनाच विचारा की क्रमात काय चुकलं, काय राहिलं. ते सांगतील ते लिहून घ्या. मूळ शीट आणि सगळे फोटो जपून ठेवलेत तर पुढच्या वर्षीच्या वर्गाला तिथून पुढे काढता येतं.