लॅपटॉपला ५.१ स्पीकर जोडायचेत? आधी सबवूफरची मागची बाजू बघा

लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून डावा आणि उजवा असे दोनच चॅनल बाहेर पडतात. ५.१ संचाला सहा लागतात: समोरचे दोन, मधला सेंटर, मागचे दोन आणि सबवूफर. जॅकला स्प्लिटर लावून संचाच्या तिन्ही पिना खुपसल्या तर सगळे स्पीकर वाजतात खरे, पण मागून ऐकू येतो तो समोरचाच आवाज. ब्लूटूथनेही स्टिरिओच जातो.

कोणती वायर घ्यायची हे लॅपटॉपपेक्षा स्पीकरवर ठरतं. सबवूफरच्या किंवा रिसीव्हरच्या (सगळे स्पीकर ज्याला जोडतात त्या ॲम्प्लिफायरच्या) मागे नुसती लाल-पांढरी ऑक्सची जोडी असेल, तर त्या संचाला सहा वेगळे चॅनल देण्याची सोयच नाही. पेटीवर ५.१ छापलेले अनेक स्वस्त होम थिएटर असेच असतात. त्यांना साधी ३.५ मिमी (हेडफोनची पिन) ते आरसीए (लाल-पांढऱ्या गोल पिना) वायर लावा आणि पैसे वाचवा.

हिरवा, काळा आणि केशरी असे तीन जॅक किंवा सहा आरसीए इनपुट असतील, तर यूएसबी साउंड कार्ड घ्या. इथे फसगत फार होते. पेनड्राइव्हएवढ्या, हेडफोन आणि माइकची दोनच भोकं असलेल्या डोंगलवर ‘७.१’ लिहिलेलं असतं. तो हेडफोनसाठीचा आभासी सराउंड आहे. कार्डावर समोरचे, मागचे आणि सेंटर-सबवूफर यांसाठी निदान तीन वेगळे आउटपुट जॅक मोजून घ्या. मग:

१. स्पीकरचा आवाज शून्यावर आणून वीज बंद करा, कार्ड थेट लॅपटॉपच्या यूएसबी पोर्टला लावा.

२. हिरवी पिन समोरच्यांना, काळी मागच्यांना, केशरी सेंटर-सबवूफरला. स्पीकरकडे आरसीए असतील तर ३.५ मिमी ते दोन आरसीए अशा तीन वायरी लागतील. रंग वेगळे असले तर जॅकशेजारची अक्षरं वाचा.

३. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टम, साउंड, मोअर साउंड सेटिंग्ज असं जा. प्लेबॅक टॅबमध्ये नवं कार्ड निवडून ‘सेट डिफॉल्ट’ करा.

४. स्पीकर पुन्हा चालू करून आवाज थोडा वाढवा. तिथेच ‘कॉन्फिगर’ दाबा, ५.१ सराउंड निवडा आणि ‘टेस्ट’ करा. चित्रातला जो स्पीकर उजळेल तोच वाजला पाहिजे.

मॅकवर हेच काम ‘ऑडिओ मिडी सेटअप’मधल्या ‘कॉन्फिगर स्पीकर्स’मध्ये होतं.

चाचणीत सेंटरचा आवाज सबवूफरमधून घुमत आला, तर केशरी वायरीची लाल-पांढरी टोकं अदलाबदल करा. सेंटर आणि सबवूफर एकाच पिनेतून डावा-उजवा म्हणून जातात. मागचे दोन्ही गप्प असतील आणि यादीत ५.१चे दोन पर्याय दिसत असतील, तर दुसरा निवडून बघा. एकात सराउंड बाजूचे धरलेले असतात, दुसऱ्यात मागचे.

रिसीव्हरला एचडीएमआय इनपुट असेल तर वरचा खटाटोप करूच नका. लॅपटॉपची वायर रिसीव्हरच्या ‘इन’ला, रिसीव्हरच्या ‘आउट’मधून टीव्हीला. सहाही चॅनल एकाच वायरीतून जातात. लॅपटॉपला फक्त यूएसबी-सी असेल तर तो पोर्ट चित्र बाहेर देतो का हे आधी तपासा, सगळे देत नाहीत. साउंडबारच्या ‘एआरसी’ लिहिलेल्या पोर्टला मात्र लॅपटॉप जोडून उपयोग नाही. ते टोक टीव्हीसाठी असतं.

ऑप्टिकल वायर दिसायला छान, पण तिच्यातून न दाबलेला (अनकम्प्रेस्ड) आवाज दोनच चॅनलचा जातो. डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस या दाबलेल्या आवाजाच्या प्रकारांतला सिनेमा, प्लेअरमध्ये पासथ्रू (आवाज न उलगडता तसाच पुढे पाठवणं) सुरू केल्यावर ५.१ मध्ये येईल. गेमचा आवाज स्टिरिओच राहील, कार्डात डॉल्बी डिजिटल लाइव्हसारखी, आवाज त्याच क्षणी दाबून पाठवण्याची (एन्कोडिंगची) सोय असल्याशिवाय.

चाचणी नीट झाली, तरी सिनेमा लावल्यावर मागचे गप्प? बहुतेक वेळा मूळ आवाजच स्टिरिओ असतो. व्हीएलसीत टूल्समधून कोडेक इन्फर्मेशन उघडा. चॅनलपुढे ‘३एफ२आर/एलएफई’ (3F2R/LFE) दिसलं तर फाइल ५.१ आहे. ‘स्टिरिओ’ दिसलं तर दोष वायरीत शोधू नका.

जागा: सेंटर पडद्याखाली बरोबर मध्ये. समोरचे दोन बसल्या जागेपासून दोन्हीकडे ३० अंशांवर, मागचे १०० ते १२० अंशांवर, म्हणजे कानांच्या थोडेसे मागे. आपल्या घरांत सोफा भिंतीला टेकलेला असतो. मग मागचे कोपऱ्यात जमिनीवर न ठेवता सोफ्याच्या दोन्ही बाजूंना, बसल्यावर कानाच्या थोडं वर येतील असे लावा.

सतत घूं आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. आवाज थांबला तर ग्राउंड लूप आहे, म्हणजे दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या विजेची गुणगुण. लॅपटॉप आणि स्पीकर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या; तरी राहिला तर ज्या ॲनालॉग वायरीतून गुणगुण येते तिच्यावर ग्राउंड लूप आयसोलेटर लावा. प्लगची अर्थिंगची पिन मात्र काढू नका, शॉक लागण्याचा धोका असतो.