नाशपातीला लवकर फळ हवे असेल, तर या चुका टाळा

अंगणातले नाशपातीचे झाड चार वर्षांत छपराला टेकले, पाने हिरवीगार आहेत, तरी फुलाचा पत्ता नाही, असे झाले तर बहुतेक वेळा दोष झाडाचा नसून मालकाच्या अतिमायेचा असतो.

पहिली चूक खरेदीतच होते. बार्टलेटसारख्या पहाडी जातींना हिवाळ्यात 7 अंशांखालची थंडी कित्येकशे तास लागते; ग्वाल्हेरसारख्या मैदानी शहरात जानेवारीत रात्री गारठा असला तरी दुपारी ऊन तापते, त्यामुळे पंजाबच्या मैदानात पिकणारी, कमी थंडीत भागणारी पत्थरनाख हीच येथे विचारात घ्यावी. रोप जानेवारीत, पाने गळलेली असताना लावावे आणि कलमाचा सांधा जमिनीपासून वीतभर वर ठेवावा.

लावताना शेंडा साधारण 75 ते 90 सेंटिमीटरवर कापणे योग्यच आहे, कारण त्यानेच बाजूच्या फांद्या फुटतात. परंतु पुढे दरवर्षी सर्व शेंडे छाटत राहणे ही सर्वांत महागात पडणारी चूक होय. प्रत्येक कापाखालून दोन-तीन उभे, जोमदार फुटवे निघतात, आणि उभी फांदी लाकूड वाढवते, फळकळी धरत नाही. म्हणून कात्रीऐवजी सुतळी हाती घ्यावी. कोवळा फुटवा वीतभर असतानाच कपड्यांच्या चिमट्याने खोडापासून बाहेरच्या बाजूला वाकवावा आणि मोठी फांदी पावसाळ्यात, लवचीक असताना, खुंटीला सैल बांधून खोडाशी 45 ते 60 अंशांचा कोन येईल इतकी झुकवावी. आडवीच्याही खाली ओढल्यास पाठीवर पाणसोट, म्हणजे फळ न देणारे सरळसोट फुटवे, उठतात, आणि घट्ट सुतळी सालीत रुतते.

युरियाचा सढळ हातही याच पंक्तीतला: नत्र जास्त झाले की झाड पुन्हा उंचीच्याच मागे लागते.

पहाडात न जाणवणारी एक अडचण मात्र येथे आहे. झुकवलेल्या फांदीची पाठ मे महिन्यातल्या 45 अंशांच्या उन्हात भाजते, म्हणून खोडाला व जाड फांद्यांच्या वरच्या बाजूला उन्हाळ्यापूर्वीच चुना लावावा व आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन ठेवावे.

दोन वर्षांच्या लाकडावर आखूड, गाठाळ, सुरकुतल्या काड्या दिसू लागल्या की त्या वाळक्या समजून मोडू नयेत. फळ त्यांच्यावरच धरते.